निदान : मोटारीच्या वातानुकूलनातील विजेचे दोष आणि त्यांचा शोध



आमच्या विज्ञानाच्या सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी शाळेने मला पाचारण केले, याबद्दल मी संचालक मंडळाचा ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवली. त्यामुळे आज एखाद्या संतकवीविषयी किंवा कादंबरीविषयी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा विजेच्या दोषाने बंद पडली, तर तो दोष कसा शोधावा याविषयी बोलणार आहे. हा विषय मराठीतून मांडण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. याच वडोदरा नगरीत १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झाले आणि यंत्रविद्या मातृभाषेतून शिकवता येते, हा विचार त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे प्रत्यक्षात आणण्याचा यत्न केला.

आमच्या पिढीला सरांची ती लाकडी फळी आठवत असेल. तिच्यावर एक विद्युतघट, एक बटन, दोन तारा आणि एक चिमुकला दिवा. वर्गात येण्यापूर्वी सर त्या फळीत कोठेतरी एक दोष लपवून ठेवीत. कधी तारेचे टोक सैल केलेले असे, तर कधी बटनाच्या पत्र्याखाली कागदाचा कपटा सरकवलेला असे. "दिवा लागत नाही, का ते सांगा," एवढेच ते म्हणत. एखादा उतावळा मुलगा दिवा काढू लागला की ते त्याचा हात धरीत आणि म्हणत, "आधी प्रश्न, मग हात." या चार शब्दांचा अर्थ मला पुरता कळला तो वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर.

२०१९ सालचा मे महिना होता. माझ्या पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागे. परतीची वेळ भर दुपारची. उपचारानंतर तिला उकाडा मुळीच सोसत नसे. अशात गाडीचे वातानुकूलन दगा देऊ लागले. निघताना गारवा उत्तम असे. अर्ध्या तासाने झरोक्यांतून गरम वारा येऊ लागे. गाडी तासभर सावलीत उभी केली की पुन्हा गारवा. एका कार्यशाळेत दाखवली, तेथे गॅस भरून दिला. आठवडाभर बरे चालले आणि पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गॅस भरला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सांगण्यात आले की कॉम्प्रेसरच गेला, नवा बसवावा लागेल. खर्चाचा आकडा माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता. मी होकार देण्याच्या बेतात होतो. या काळातल्या फेऱ्या पत्नीने मानेवर ओला टॉवेल ठेवून काढल्या.

'निदान' या शब्दाकडे येथे क्षणभर पाहू. संस्कृतात त्याचा जुना अर्थ बांधण्याचा दोर असा आहे. त्यावरून ज्याला परिणाम बांधलेला असतो ते मूळ कारण, असा अर्थ आला. आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली, ती निदानपंचक म्हणून प्रसिद्ध आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षण, उपशय म्हणजे उपाय करून पाहून केलेली परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसा घडत गेला त्याचा क्रम. माझ्या गाडीच्या बाबतीत रूप पाहिले गेले आणि एकदम औषध दिले गेले. संप्राप्तीचा विचार कोणी केला नाही, मीही नाही.

तो करायचा तर यंत्रणेची रचना थोडक्यात समजून घेतली पाहिजे. नेहमीच्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीत कॉम्प्रेसर हा इंजिनावरील पट्ट्याने फिरतो. पट्ट्याची पुली सदैव फिरत असते, कॉम्प्रेसर मात्र नाही. या दोघांना जोडतो तो विद्युतचुंबकी क्लच. क्लचच्या कॉइलमधून वीज वाहिली की ती चुंबक बनते, समोरची पोलादी चकती 'टक्' आवाज करून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. चकती व पुली यांतील फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

ही वीज कॉइलपर्यंत येते कशी? येथे दोन मंडले आहेत. एक हुकमाचे आणि एक कामाचे. आपण बटन दाबतो, कूलिंग कॉइलजवळचा तापमापक 'अजून गारवा हवा' असे कळवतो, गॅसच्या नळीवरील प्रेशर स्विच 'दाब योग्य आहे' असे सांगतो आणि इंजिनाचा संगणक संमती देतो. हे सारे जुळले की एक लहानसा प्रवाह रिलेला मिळतो. हे झाले हुकमाचे मंडल. रिले आपल्या आतील संपर्क मिटवते आणि बॅटरीची वीज फ्यूजमधून, रिलेतून कॉइलमध्ये जाते. तेथून गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येते. हे कामाचे मंडल. परतीच्या या वाटेला कारागीर 'अर्थ' म्हणतात. मंडलाचा निम्मा भाग हाच. तरी शोधताना बहुधा विसरला जातो तो हाच.

आता प्रश्नांचा क्रम पाहू. पहिला प्रश्न : वारा येतो का? वारा येतच नसेल तर दोष ब्लोअरच्या मंडलात आहे. कॉम्प्रेसरकडे जाण्याचे कारण नाही. अनेक गाड्यांत ब्लोअर फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर मुळीच नाही, असे होते. तेव्हा संशय त्याच्या रेझिस्टरवर घ्यावा. कारण खालचे वेग त्यातून जातात आणि वरचा वेग त्याला वगळून जातो.

दुसरा प्रश्न : वारा येतो पण गरम, अशा वेळी क्लच चिकटतो का? चिकटत असेल आणि तरी गारवा नसेल, तर दोष बहुधा गॅसचा, कॉम्प्रेसरच्या आतला किंवा हवेच्या झडपेचा. धावत्या गाडीत गारवा आणि सिग्नलला थांबताच उकाडा, असे असेल तर मात्र कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही हे पाहावे; हा दोष पुष्कळदा विजेचा असतो.

तिसरा प्रश्न : क्लच चिकटत नसेल, तर हुकूम पोहोचत नाही की काम होत नाही? येथे रिलेची परीक्षा सोपी आहे. त्याच पेटीत तंतोतंत त्याच जातीची दुसरी रिले असेल, तर अदलाबदल करून पाहावी. हाच तो उपशय. क्लच चालू झाला तर रोग सापडला. नाही झाला तर रिले निर्दोष ठरली, आणि तीही मिळकतच आहे.

फ्यूज उडालेला आढळला, तर तो गुन्हेगार नसून साक्षीदार आहे हे ध्यानात ठेवावे. कोठेतरी तार घासून अंगाला टेकली असेल किंवा कॉइल आतून जळली असेल. कारण न शोधता मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवणे म्हणजे गाडीत आग लावण्याची तयारी करणे होय.

प्रेशर स्विचविषयीही असाच विवेक हवा. गॅस गळून दाब उतरला की हा स्विच मुद्दाम मंडल तोडतो, कारण गॅसबरोबर फिरणारे तेलच कॉम्प्रेसरला वंगण पुरवते. बिघाड तेव्हा विजेचा भासतो, पण मूळ गळतीत असते. तो स्विच कायमचा जोडून टाकणारा कारागीर शंभर रुपयांचा दोष लपवून हजारोंचा निर्माण करतो.

माझ्या गाडीकडे परत येतो. याच शाळेत, आमच्याच सरांच्या हाताखाली, माझ्यानंतर वीसेक वर्षांनी शिकलेला एक विद्यार्थी मोटारींच्या वायरिंगचे काम करतो. शेवटचा उपाय म्हणून त्याच्याकडे गेलो. त्याने बॉनेट उघडण्याआधी विचारले, "सर, बंद केव्हा पडतो? सकाळी की दुपारी? किती वेळाने? थांबल्यावर पुन्हा चालतो का?" मी उत्तरे दिली. "म्हणजे गॅस नाही," तो म्हणाला, "गॅस गळाला तर तासाभराने परत येत नाही." मग त्याने इंजिन चालू ठेवून दोष प्रकट होण्याची अर्धा तास वाट पाहिली. दोष हजर नसताना केलेली मोजमापे व्यर्थ, असे त्याचे म्हणणे.

क्लच सुटला. त्याने मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. कॉइलचा प्लग काढून येणारी वीज मोजली, तर तीही जवळजवळ तेवढीच. "इथेच माणूस फसतो," तो म्हणाला. प्लग सुटा असताना प्रवाह वाहतच नाही, म्हणून वाटेतला अडथळा दिसत नाही. प्लग पुन्हा जोडून त्याने कॉइलच्या दोन टोकांमध्ये मोजले, तर अवघे ८.६ व्होल्ट. उरलेले ५.२ कोठे गेले? मीटरचे एक टोक कॉइलच्या ऋण बाजूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले, काटेकोर ५.२. चांगल्या जोडात येथे ०.१ किंवा ०.२ व्होल्टच्या वर आकडा असू नये. दोष परतीच्या वाटेत होता. बॅटरीच्या तळपत्र्याखाली अर्थची तार बोल्टने आवळलेली होती आणि तिच्या थिंबलवर पांढरट-हिरवा गंज चढला होता.

संप्राप्ती आता स्पष्ट झाली. थंड असताना कॉइलचा रोध सुमारे ३.६ ओहम. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे ६० अंश तापल्यावर जवळजवळ पावपट. त्यात गंजलेला जोडही तापून अधिक अडवू लागे. प्रवाह घटे, चुंबक दुबळा होई, चकती सुटे. गाडी निवली की सारे पूर्ववत. आणि गॅस भरल्यावर आठवडाभर बरे का चालले? त्या आठवड्यात रुग्णालयाने आम्हांला सकाळची वेळ दिली होती. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसला आणि फांदी मोडली. आम्ही श्रेय कावळ्याला दिले.

जोड घासून स्वच्छ केला, नवे थिंबल बसवले, वर पेट्रोलियम जेली लावली. आकडा ०.१ वर आला. मजुरी दीडशे रुपये. तोच कॉम्प्रेसर पुढे अनेक उन्हाळे चालला.

दोन सावधगिरीच्या सूचना. चालू इंजिनाजवळ सैल बाह्या, पदर, साखळी नको. पंखा केव्हाही आपोआप सुरू होतो. आणि विद्युत गाड्यांत व अनेक संकरित गाड्यांत कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, शेकडो व्होल्टवर चालतो. तेथील नारिंगी तारांना प्रशिक्षित कारागिराखेरीज कोणीही हात लावू नये. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तर कॉम्प्रेसरमधील झडप विजेने नियंत्रित होते. तेथे 'टक्' आवाजाची वाट पाहणे चुकीचे ठरेल.

मित्रहो, त्या दिवशी काम आटोपल्यावर मी त्या कारागिराला विचारले, ही पद्धत कोठे शिकलास? हात पुसत तो म्हणाला, "सर, फळीवर." एकाच फळीसमोर आम्ही दोघे बसलो होतो. त्याने ती आयुष्यभर वापरली. मी ती आठवण म्हणून जपली आणि ऐन गरजेच्या वेळी विसरलो. त्या विस्मरणाची किंमत मी पैशांत दिली, आणि माझ्या पत्नीने काही दुपारींत. सरांना वाहायची श्रद्धांजली हीच की, आपल्या घरात, दुकानात, रुग्णालयात, कोठेही काही बिघडले तर आपण आधी प्रश्न विचारू, मग हात लावू.