लांडगा, काळवीट आणि मेंढपाळ

रब्बीची ज्वारी वीतभर उंच झाली की सोलापूर, अहिल्यानगर, बीड व पुणे ह्या जिल्ह्यांतील माळरानालगतच्या गावांतून दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येऊ लागतात. कोरडवाहू शेतकरी म्हणतो, काळविटांचे कळप कोवळे पीक खुडून टाकतात आणि त्यांना आवर घालणारे जनावर रानात उरलेले नाही. त्याच शिवारात मेंढ्या बसविणारा धनगर म्हणतो, काल रात्री लांडग्याने वाड्यातून कोकरू नेले, त्याचा कायमचा बंदोबस्त झाला पाहिजे. एकाला लांडगे थोडे वाटतात, दुसऱ्याला फार. दोघांचेही नुकसान खरे असते. परंतु दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की, लांडगे कमी झाले की हरणे व मेंढ्या तेवढ्याच मानाने वाढतात आणि लांडगे वाढले की त्या तेवढ्याच मानाने घटतात. हे गृहीत कितपत बरोबर आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

ह्याच प्रश्नावर अमेरिकेच्या मोंटाना, वायोमिंग व आयडाहो ह्या राज्यांतील शिकाऱ्यांमध्ये गेली तीस वर्षे वाद चालू आहे. तेथे परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते, आणि एल्क ह्या सांबराहून मोठ्या हरणाच्या मांसावर पुष्कळ कुटुंबे हिवाळा काढतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील लांडगे १९२६ पर्यंत सरकारनेच मारून संपविले होते. पुढे १९९५ व १९९६ साली कॅनडातून आणलेले ३१ लांडगे तेथे सोडण्यात आले. उद्यानाच्या उत्तर भागातील एल्कची संख्या १९९४ साली १९,००० च्या आसपास होती. ती २०१३ पर्यंत ४,००० च्या आत आली. हे दोन आकडे शेजारी ठेवून शिकाऱ्यांच्या एका पक्षाने लांडग्यांची शिकार खुली करण्याची मागणी केली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, आकडे खरे असले तरी त्यांमधली हकीकत गाळलेली आहे.

ती हकीकत अशी. त्याच काळात तेथे अवर्षणाची वर्षे आली. १९९६-९७ चा हिवाळा फार कडक गेला. अस्वलांची संख्या वाढली व ती एल्कची नवजात पाडसे मोठ्या प्रमाणात खाऊ लागली. शिवाय उद्यानाबाहेर उतरणाऱ्या कळपातील माद्या मारण्याचे परवाने शिकाऱ्यांनाच दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दिले जात होते. मारलेल्या जनावरांचे वय तपासले असता एक महत्त्वाचा फरक दिसून आला. शिकाऱ्यांनी मारलेल्या माद्या बहुतेक भर वयातील होत्या, तर लांडग्यांनी मारलेल्या माद्या बहुतांशी म्हाताऱ्या होत्या. भर वयातील एक मादी गेली म्हणजे तिच्यापासून पुढे होणारी पाच-सहा पाडसेही गेली. म्हातारी मादी गेली, तर कळपाच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. म्हणजे डोकी मोजून दोघांचा हिशेब सारखा आला, तरी कळपावर होणारा परिणाम सारखा नसतो. लांडग्यांमुळे एल्क मुळीच घटले नाहीत असे मात्र कोणी जाणता म्हणत नाही. वाद आहे तो त्यांचा वाटा किती, एवढ्यापुरताच. उद्यानातील लांडगे कायम असतानाही २०१३ नंतर एल्कचा आकडा काहीसा पुन्हा वर चढला, हेही लक्षात ठेवावयास हवे.

आपल्याकडील परिस्थिती ह्याहून पुष्कळ वेगळी आहे. ब्रिटिश अमदानीत लांडगा मारून आणणारास सरकारी बक्षीस मिळत असे, आणि १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत देशभरात सुमारे २ लक्ष लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काळविटाचा दुसरा शत्रू चित्ता. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी पाळीव चित्ते ठेवीत. रानातले चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते मागविण्याची वेळ आली होती. १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. तेव्हापासून उघड्या माळावर काळविटामागे लागणारे मोठे रानटी जनावर म्हणजे लांडगा एवढेच उरले.

पण बंदूक व बक्षीस ह्यांपेक्षाही नांगराने ह्या दोन्ही प्राण्यांचे अधिक नुकसान केले आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा खानदेश-वऱ्हाडातील पुष्कळ गवताळ काळी जमीन कापसाखाली आली. मुंबईला कापसाचे एवढे मोठे गठ्ठे येऊ लागले की त्यांच्यासाठी पुढे शिवडीजवळ कॉटन ग्रीन ही स्वतंत्र पेठच वसवावी लागली. दख्खनच्या पठारावर तेच काम नंतर कालव्यांनी केले. १९८० साली उजनी धरण पुरे झाल्यावर इंदापूर, करमाळा भागातील कितीतरी माळ उसाखाली गेले. उरलेल्या गायरानांवर अतिक्रमण झाले, किंवा चांगल्या हेतूने तेथे झाडे लावण्यात आली. माळाला झाडे नसणे हा काही दोष नव्हे, ही गोष्ट अजूनही पुष्कळांच्या गळी उतरत नाही.

रेहेकुरीचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. कर्जत तालुक्यातील हे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळविटाची मादी सुमारे सहा महिने गाभण राहते व एका वेळी एकच पाडस देते. तथापि पाडस झाल्यावर ती लवकरच पुन्हा फळते, त्यामुळे चाऱ्याची सोय असेल तेथे कळप भराभर वाढतो. दोन चौरस किलोमीटरांत न मावणारी जनावरे चरावयास शेजारच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरणार, हे उघड आहे. तेथे कळपाचा आकार गवत व पीक ठरविते, लांडगा नव्हे.

आता ह्या भागातील लांडगा खातो काय, हे पाहू. नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात लांडग्यांवर झालेल्या अभ्यासांतून, तसेच धनगरांच्या रोजच्या अनुभवातून असे दिसते की, त्याचा मुख्य आधार शेळ्या-मेंढ्या हाच आहे. काळवीट, ससे, उंदीर व मेलेली जनावरे ही त्याला जोड होय. आपला लांडगा साधारण वीस किलो वजनाचा. चार-सहांच्या टोळीने हिंडला तरी धावत्या काळविटास गाठणे त्याला सोपे नाही, आणि मेंढ्यांची खांड तर रोज डोळ्यांसमोर असते. म्हणून लांडगे वाढले की ज्वारी वाचेल, ही शेतकऱ्याची आशा फारशी सफळ होणारी नाही. रानडुकरांचा बंदोबस्त तर त्याच्याकडून मुळीच व्हावयाचा नाही.

मेंढपाळाची आशाही तशीच आहे. लांडग्याची मादी बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास विते. दिवाळीनंतर अनेक खांडी कोकणात उतरतात व पावसाळ्याच्या तोंडी घाटावर परततात. त्या वेळी पिल्ले मोठी झालेली असतात व टोळीची भूक वाढलेली असते, म्हणून ह्या दिवसांत उपद्रव अधिक जाणवतो. काही ठिकाणी बिळे दगडांनी बुजवून किंवा धूर करून पिल्ले मारतात. त्यामुळे मेंढ्या वाचतात असे नव्हे. जोडी फुटली तर एकट्या उरलेल्या लांडग्यास काळवीट पाडणे अवघड जाते व तो कोकरांकडेच वळण्याचा संभव असतो. मोकळी झालेली जागा दुसरे लांडगे, आणि त्याहून वाईट म्हणजे मोकाट कुत्री, बळकावतात.

मोकाट कुत्र्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. ‘लांडगा आला रे आला’ अशी हाक उठते तेव्हा पुष्कळदा आलेली असतात ती गावकुसाबाहेरची कुत्री. लांडगा सहसा नरडे धरतो, एखादे जनावर उचलून नेतो व खातो. कुत्री मागचे पाय, शेपूट व पोट फाडतात, अनेक मेंढ्या जखमी करतात आणि बऱ्याचदा न खाताच सोडून देतात. ती काळविटांच्या पाडसांनाही मारतात. पिसाळरोग व कुत्र्यांतील इतर साथी त्यांच्यापासून लांडग्यांस होतात. लांडगा व कुत्रा ह्यांचा संकर पुणे जिल्ह्यात झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. देशात लांडगे सुमारे ३,००० च उरल्याचा अंदाज असताना ही गोष्ट चिंतेची आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये लांडगा व काळवीट हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारणारास किमान ३ वर्षे कैद होऊ शकते. तेव्हा लांडग्याचे काय करावे ह्याऐवजी वाड्याचे काय करावे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

वाघरीची जाळी नुसती खुंट्यांवर अडकविलेली असेल तर लांडगा तिच्याखालून शिरतो. जाळीची खालची कड दगडांनी दाबून घ्यावी व बाहेरून बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करावे. कोकरे वाड्याच्या मधोमध, झाकणाच्या टोपल्याखाली किंवा तारेच्या खुराड्यात ठेवावीत. गाभण मेंढ्यांची जागा कडेला नसावी, कारण एक वेती मेंढी जाणे हे दोन नर कोकरे जाण्यापेक्षा महाग पडते. एल्कच्या बाबतीत सांगितलेला हिशेब येथेही तसाच लागू आहे. राखणीच्या कुत्र्यांस पिसाळरोगाची लस दरवर्षी टोचून घ्यावी. ज्या शेतकऱ्याच्या रानात खांड बसते, त्याने वाड्याजवळ रात्री एखादा दिवा देण्याची व्यवस्था केली, तर त्याला मिळणाऱ्या खताच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे.

एवढे करूनही मेंढी मारली गेल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्यास कळवावे व पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरून हलवू नये. लांडग्याने मारलेल्या पशूची भरपाई शासनाकडून मिळते. मेंढी ओढून नेऊन पुरून टाकली, तर ती लांडग्याने मारली की कुत्र्यांनी, हे ठरविता येत नाही व अर्ज तेथेच अडतो. पिकाचे नुकसान काळविटांनी केले असल्यास तोही अर्ज वन खात्याकडेच, पावलांच्या खुणा पुसल्या जाण्यापूर्वी करावा. पंचनामा आटोपल्यावर मात्र मेलेले जनावर माळावर टाकून न देता खोल पुरावे, कारण मोकाट कुत्र्यांची टोळी अशाच जागी जमते व तेथून वाड्याची वाट धरते.