लिव्हरला काठ कुठे असतो?

रेडिओथेरपीच्या प्लॅनिंग रूममध्ये माझा दिवस रेषा ओढण्यात जातो. पेशंटचा सीटी स्कॅन ३ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये स्क्रीनवर येतो. गाठ डॉक्टर आखतात; तिच्या शेजारचे जे निरोगी अवयव किरणांपासून वाचवायचे, ते आम्ही. याला आम्ही कंटूर काढणं म्हणतो. एका लिव्हरच्या साठेक स्लाइस सहज होतात. भाईंदरहून लोकलमध्ये उभ्याने आलेल्या बाईला दुपारनंतर माऊससुद्धा जड लागतो.

लिव्हर तर दिसतंय, मग कॉम्प्युटरला का ओळखता येत नाही? कारण त्याच्यापुढे लिव्हर नसतं, नुसते आकडे असतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १९७१ साली पहिल्या पेशंटचा स्कॅन घेतला. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००. साध्या स्कॅनमध्ये लिव्हर ५५-६०च्या आसपास भरतं, आणि त्याला खेटलेले स्नायू ५०च्या जवळपास. वर नॉइजमुळे प्रत्येक पिक्सेल थोडा इकडेतिकडे होतो. ‘५०च्या वरचं सगळं लिव्हर’ असं सांगितलं, की बरगड्यांमधले स्नायूही लिव्हरच्या खात्यात जमा!

१९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘स्नेक’ नावाची युक्ती आली. अवयवाभोवती ओळीने बिंदू ठेवायचे आणि ते काठाकडे ओढले जातील असं गणित मांडायचं. पण खालच्या स्लाइसमध्ये लिव्हर बऱ्याचदा दोन तुकड्यांत दिसतं, उजवा भाग वेगळा आणि डाव्याचं टोक वेगळं. एका बंद रेषेच्या दोन करायच्या तर कुठे तोडायची, कुठे जोडायची, हे वेगळं शिकवावं लागतं.

१९८८मध्ये स्टॅनली ओशर आणि जेम्स सेथियन यांनी लेव्हल सेटची पद्धत मांडली. त्यांना पेशंटशी काही घेणंदेणं नव्हतं. सेथियन यांचा विषय होता ज्वाला कशी पसरते हा. त्यांचं म्हणणं असं, की रेषेच्या मागे धावूच नका.

हे मला भाईंदरच्या मिठागरांवरून कळलं. पावसाळ्यात पाणी चढू लागतं तेव्हा सुरुवातीला प्रत्येक वाफ्यातलं पाणी वेगळं असतं. मग मधला बांध बुडतो आणि दोन डबक्यांचा काठ एकच होतो. तो काठ कोणी जोडत नाही. उंचसखल जमिनीला पाण्याची पातळी जिथे छेदते, तिथे काठ असतो, इतकंच. लेव्हल सेटमध्ये पाणी स्थिर, शून्यावर, आणि कॉम्प्युटर खालची जमीन वर-खाली करतो. प्रत्येक पिक्सेलला एक उंची: उणे म्हणजे आत, अधिक म्हणजे बाहेर, शून्य तिथे कंटूर. लिव्हरचे दोन तुकडे होवोत की तीन, वेगळं काही शिकवावं लागत नाही.

जमीन हलवायची कशी? रविकांत मल्लाडी, सेथियन आणि बाबा वेमुरी यांनी १९९५मध्ये ही पद्धत चित्रांवर वापरली. कंटूर बाहेर ढकलत न्यायचा, करडा रंग एकदम बदलेल तिथे त्याचा वेग जवळजवळ शून्य करायचा आणि तीव्र वळणं सौम्य करत जायची. अडचण येते ती काठ पुसट असेल तिथे. श्वासाने हलणाऱ्या छातीच्या पडद्यापाशी लिव्हर आणि हृदय एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, आणि कंटूर तिथून हृदयात लीक होतो.

टोनी चॅन आणि ल्युमिनिता वेसे यांनी २००१मध्ये काठाचा आग्रहच सोडला. आतल्या पिक्सेलची एक सरासरी, बाहेरच्यांची दुसरी. रेषा फार लांबणार नाही हे सांभाळून प्रत्येक पिक्सेल जवळच्या सरासरीकडे जातो. या विचाराचं मूळ डेव्हिड ममफर्ड आणि जयंत शहा यांच्या १९८९च्या लेखात आहे. हेच ममफर्ड १९६७-६८मध्ये आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये व्याख्यानं देत होते, मात्र विषय शुद्ध बीजभूमितीचा. त्यावरचं त्यांचं पुस्तक गणितवाल्यांत आजही प्रमाण मानतात. चित्रांकडे ते पुष्कळ नंतर वळले.

माझं मात्र एक भांडण आहे, ते वळणं सौम्य करण्याशी. ते वाढवलं की नॉइज जातो, कंटूर देखणा होतो आणि डाव्या लिव्हरचं पातळ टोक गुपचूप खाल्लं जातं. किरणांचा हिशेब त्या टोकासकट व्हायला हवा. फार गुळगुळीत कंटूर दिसला की मी आधी ते टोक शोधते.

२०१५मध्ये यू-नेट नावाचं न्यूरल नेटवर्क आलं, आणि आता शिकवलेलं नेटवर्क एखाद-दोन मिनिटांत सगळे अवयव भरून देतं. लेव्हल सेट त्यामुळे मागे पडला, पण गेला नाही. आयटीके-स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो अजून आहे. डायग्नोस्टिक सेंटरवाल्यांनी दिलेली सीटीची सीडी घरात पडली असेल तर त्यात उघडून बघा. निदान करायला नव्हे, गंमत म्हणून. लिव्हरच्या वाटेला जाऊ नका. कॉन्ट्रास्ट दिलेल्या स्कॅनमध्ये किडनी उजळ दिसते, आजूबाजूची चरबी काळी, तेव्हा किडनीच्या आत सुरुवातीचा कंटूर म्हणून एक छोटा बुडबुडा सोडा. तो फुगत किडनीभर पसरेल. शेजारच्या रक्तवाहिनीत शिरायला लागला तर वळणं सौम्य करण्याचा जोर थोडा वाढवा.