आधी झाकण, मग डबा : आगोटीच्या आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांचा हिशोब



एप्रिल लागला की माझ्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं. "ताई, मोठे डबे दाखवा ना, घरात डबेच पुरत नाहीत." मी विचारते, घरात आहेत किती? उत्तर ठरलेलं. "आहेत हो भरपूर, पण एकाला धड झाकण नाही."

म्हणजे डबे कमी नाहीत, जास्त झालेत. हे डबे विकणारी बाई सांगतेय, म्हणून थोडा विश्वास ठेवा. तळ्याच्या बाजारात माझं भांड्यांचं आणि प्लास्टिकच्या वस्तूंचं दुकान आहे, आणि हा लेख वाचून तुम्ही या महिन्यात माझ्याकडून काहीच घेतलं नाहीत तरी चालेल.

आपल्या चॅनलवर मसाले, पापड, डबे, खानावळ असा घरातूनच धंदा करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. तुमच्यासाठी तर हा विषय टापटिपीचा नाहीच. तुमचं स्वयंपाकघर हेच तुमचं गोदाम आहे. गोदामात माल खराब झाला की थेट नफ्यातून जातो. मला हे बीबीएच्या पुस्तकातून कळायला हवं होतं, पण कळलं ते ३ जून २०२० ला.

त्या दिवशी दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा, सगळीकडे झाडं आणि पत्रे आडवे झाले. आमच्या स्वयंपाकघरावरचे चार पत्रे गेले आणि पाऊस सरळ मांडणीवर पडायला लागला. नेमकी आठवडाभर आधी आगोट भरून झाली होती. तांदूळ, कडवे वाल, आमसुलं, सुकट, बोंबील, पापड. शिवाय लॉकडाऊनमुळे दुकान बंद, म्हणून मी आणि सासूबाईंनी १४ किलो मसाला जास्तीचा केला होता. ओळखीच्या घरांकडून अर्धे पैसे आधीच घेतलेले.

त्यातला ८ किलो फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांत होता. उरलेला ६ किलो भरायला बरण्या पुरेनात, म्हणून श्रीखंडाचे, आईस्क्रीमचे, मिठाईचे असे मिळतील ते डबे घेतले आणि त्यांवर "साधारण बसतात" अशी झाकणं लावली. बरण्यांवरून पाणी ओघळून गेलं, आत मसाला कोरडा. "साधारण" झाकणांच्या डब्यांत पाणी शिरलं. वीज नाही, ऊन नाही, परत भाजायची सोय नाही. सगळा टाकला. तेव्हाच्या आमच्या भावाने ६०० रुपये किलो धरला तर ३६०० रुपये. आणि खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. माझ्याच दुकानात चांगल्या बरण्या पडून होत्या. विकायचा माल घरात कशाला वापरायचा, म्हणून मी आणल्या नाहीत. सहा किलोला लागणाऱ्या बरण्यांची खरेदी किंमत पाचशेच्या आत होती.

आई, म्हणजे सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "डबा म्हणजे झाकण गं. खालचं तर नुसतं भांडं."

ही गोष्ट एका मोठ्या कंपनीने फार आधी ओळखली होती. अमेरिकेत १९४० च्या दशकात अर्ल टपर नावाच्या माणसाने प्लास्टिकचे डबे काढले. त्याचं खरं डोकं झाकणात होतं. रंगाच्या डब्याचं झाकण जसं घट्ट बसतं, ती कल्पना त्याने उलटी करून वापरली. पण दुकानात डबे खपेनात, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे गिऱ्हाइकाला कळायचं नाही. ब्राउनी वाइज या बाईंनी बायकांना घरी जमवून ते हाताने करून दाखवायला सुरुवात केली. विक्री एवढी वाढली की १९५१ मध्ये टपरवेअरने दुकानातली विक्री बंद करून फक्त अशा घरगुती बैठकांवर भर दिला. पुढे २०२४ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली, तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी व्हिडिओ करू.

आता आपल्या घरात या. एका दुपारी सगळे डबे, सगळी झाकणं जमिनीवर काढा. मांडणीवरचे, फडताळातले, माळ्यावरचे, फ्रिजमधले, शेजारणीकडून लाडू आलेले आणि परत न गेलेलेसुद्धा. आणि लग्नं लावा. प्रत्येक डब्याला त्याचं झाकण. ज्याचं जमलं तो एका बाजूला. उरलेल्यांचे दोन ढीग होतील, बिनझाकणाचे डबे आणि बिनडब्याची झाकणं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ४३ डब्यांपैकी फक्त २६ लग्नं जमली. बाकीचे अनेक वर्षं आमच्या मांडणीवर फुकट राहत होते.

जमलेल्यांचीही परीक्षा घ्या. डब्यात अर्धं पाणी भरा, झाकण लावा, कोरड्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटा ठेवा. कागद ओला झाला तर तो डबा मसाला, तिखट, मीठ, साखर, पोहे, पापड यांच्या कामाचा नाही. त्यात कांदे-बटाटे ठेवा, कपड्यांचे चिमटे ठेवा. दयामाया नको, आपल्याकडचा पाऊस पण करत नाही.

मग डबा उलटा करून बुडाचा त्रिकोण बघा. आत आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपले बहुतेक चांगले घरगुती डबे याचे असतात. उष्णता त्यातल्या त्यात बरी सोसतो. १ म्हणजे पेट, पारदर्शक बरण्या आणि पाण्याच्या बाटल्या. दिसायला छान, कोरड्या मालाला उत्तम, पण गरम पदार्थ भरला की वाकडा होतो, आणि एकदा वाकला की झाकण कधीच नीट बसत नाही. "बरणी नवीन होती तरी लीक झाली" अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा आत कोमट मसाला भरलेला असतो. २ म्हणजे जाड, दुधट रंगाचं प्लास्टिक, तेलाचे कॅन वगैरे. आकडाच नसेल तर अन्नाला वापरू नका, आणि असेल तरी काचपेला आणि काट्याचं चित्र, म्हणजे अन्नासाठीचं चिन्ह, आहे का ते बघा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत तांदूळ ठेवणारी घरं मी बघितलीत. बादली भक्कम, झाकण घट्ट, सगळं खरं. पण ती अन्नासाठी बनवलेली नाही आणि कितीही धुतली तरी होणार नाही. बाथरूमला न्या. धंद्याचा माल तर चुकूनही नको.

गरम भरण्याबद्दल अजून थोडं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मसाला गिरणीतून आला की गरम असतो. लगेच भरून झाकण लावलं तर आतली वाफ झाकणाला लागते, पाणी होतं आणि परत मसाल्यावर पडतं. आठ-पंधरा दिवसांत गोळे, मग बुरशी. आणि दोष जातो डब्याला! परातीत पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. वालाचं वेगळं. भुंगे झाकणातून शिरतात असं आपण समजतो, पण बऱ्याचदा अंडी दाण्यासोबतच घरात येतात. त्यामुळे भरायच्या आधी मे महिन्यातलं कडक ऊन द्यायलाच हवं, नाहीतर घट्ट डब्यात तुम्ही भुंगेच जपून ठेवताय.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती, दुकानातून घरात आणलेली. दुकानात गोदाम वेगळं आणि काउंटर वेगळं असतं. गिऱ्हाइकाला एक वाटी लागली म्हणून कोणी गोदाम उघडत नाही. घरात मात्र आपण पाच किलो मसाल्याची बरणी फोडणीला रोज दोनदा उघडतो. जुलैत तळ्यातली हवा कशी असते तुम्हाला माहीत आहे, चादरीसुद्धा दमट लागतात. बरणी उघडली की ती हवा आत जाते, आणि तिखट, मीठ, साखर ती ओढून घेतात. वर गॅसजवळची वाफ आणि ओला चमचा आहेच. म्हणून प्रत्येक मालाचे दोन डबे करा. पंधरा दिवस पुरेल एवढा छोटा डबा ओट्यावर, बाकी मोठी बरणी ओट्यापासून लांब. मोठी बरणी महिन्यात दोनदाच उघडायची, शक्यतो पाऊस उघडलेल्या दिवशी, आणि कोरड्या हाताने. छोट्या डब्यात नवा माल ओतताना जुना संपलेला हवा, वर वर भर घालायची नाही. नाहीतर तळातला मसाला गणपती ते शिमगा तिथेच बसतो.

वास आणि रंग. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही, आणि प्लास्टिक तेलकट पदार्थ धरून ठेवतं. म्हणून घासून जात नाही. पण हळदीचा रंग उजेडाने उडतो. डबा धुऊन उघडा करून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच कमी होतो. सुक्या मासळीच्या वासाला मात्र माझ्याकडे उपाय नाही. सोडे, जवळा, बोंबील यांचे डबे कायमचे त्यांचेच. एकदा मी बोंबलाचा "स्वच्छ धुतलेला" डबा फेण्यांना दिला होता. फेण्या कोणी खाल्ल्या ते विचारू नका. लोणचं आणि तेलाचे पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवूच नका, काच किंवा चिनी मातीच बरी.

ठेवायचं कसं? गोल डबे शेजारी शेजारी लावले की मधल्या जागा वाया जातात. चौकोनात बसणारा गोल साधारण ७८ टक्के जागाच वापरतो, म्हणजे पाचातला एक भाग रिकामा. त्यामुळे डाळी, पोहे, रवा यांना चौकोनी डबे, एकाच कंपनीचे, दोन किंवा फार तर तीन मापांचे. एक झाकण फुटलं तर दुसऱ्याचं चालतं, हा त्यातला खरा फायदा. सेटमध्ये नऊ मापं मिळतात म्हणून नऊ मापं घेऊ नका, त्यातली चार कधीच वापरात येत नाहीत. मसाल्याला मात्र गोल फिरकीचीच बरणी. कोपऱ्यात मसाला अडकत नाही आणि फिरकी घट्ट बसते.

रिकामे डबे एकात एक घाला, झाकणं न लावता. बंद ठेवलेल्या रिकाम्या डब्यात कुबट वास धरतो. झाकणं जुन्या ताटाळ्यात उभी लावा. स्टीलचं ताटाळं माळ्यावर पडलेलं असेलच, ते यासाठी इतकं चपखल आहे की मी आता झाकणांसाठीच नवीनही विकते.

नाव झाकणावर लिहू नका, डब्याच्या अंगावर लिहा. झाकणं बदलतात, मग तांदळाच्या पिठावर "साबुदाणा" येतो. कागदी चिकटपट्टीवर पेनाने मालाचं नाव आणि भरल्याची तारीख, बस. बुडाला पक्क्या मार्करने रिकाम्या डब्याचं वजन लिहून ठेवा, झाकणासकट. मग माल न ओतता कळतं किती उरलाय. समजा बरणी रिकामी २२० ग्रॅम, काट्यावर १७२० दाखवते, म्हणजे मसाला दीड किलो. तुमचा आठवड्याचा खप ५०० ग्रॅम असेल तर तीन आठवड्यांचा माल आहे. मिरची आणून, वाळवून, दळायला दहा दिवस लागत असतील तर ऑर्डर घ्यायची की नाही हे तुम्ही फोनवरच सांगू शकता. माझ्याकडे मसाला करणाऱ्या एका मावशींनी हे सुरू केल्यापासून त्या "बघते आणि सांगते" म्हणत नाहीत, थेट तारीख देतात.

राहिला तो ढीग. बिनझाकणाच्या डब्यांत मी कोथिंबीर आणि मिरची लावली, बुडाला भोकं पाडून. बिनडब्याची अकरा झाकणं अजून घरात आहेत. आईंना वाटतं त्यांचे डबे कुठल्या तरी जावेकडे आहेत, आणि या मे महिन्यात त्या स्वतः जाऊन बघणार आहेत.