छोटासा ब्रेक, व्हाया उमरोळी

शनिवार, संध्याकाळचे साडेसात. आपण पिक्चर की पिझ्झा या टेन्शनमध्ये असतो, ती वेळ. पण उमरोळीत माझ्या मैत्रिणीच्या माहेरी सगळे मोबाइलभोवती जमलेले. स्क्रीनवर न्यू जर्सी, तिथे सकाळचे दहा. तिचा धाकटा भाऊ मिनीव्हॅनच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलाय, तोंडात टॉर्च. आणि इथून दादा ओरडतोय, "अरे, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ!"

दादा तारापूर एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन. धाकटा सॉफ्टवेअरवाला. त्याने सेकंडहँड कॅम्पर घेतलाय, म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली. सामानासकट वजन १,४०० किलो. बायको, दोन पोरं आणि लाँग वीकेंड... प्लॅन एकदम रेडी!

"त्या खोलीला ब्रेक आहे का?" हे विचारलं बाबांनी. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला. इथल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. एकदा विटांनी भरलेली ट्रॉली उतारावर मागून ढकलत आली, आडवी झाली आणि ट्रॅक्टर थेट शेतात. बाबांच्या डाव्या पायात अजून सळई आहे.

कॅम्परला ब्रेक होते, इलेक्ट्रिक. पण ते लावायचे कधी आणि किती, हे सांगणारा कंट्रोलर मिनीव्हॅनमध्ये नव्हता. मागचं चार पिनांचं सॉकेट फक्त दिवे पेटवायचं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. म्हणून मग सात पिनांचं सॉकेट आलं आणि सोबत ही डबी.

फंडा सोपा आहे. कंट्रोलर करंट सोडतो, ट्रेलरच्या ड्रममधला मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटतो, त्याच्यासोबत ओढला जातो आणि लायनर दाबतो. गाडी जितक्या जोरात थांबते, त्या हिशेबाने चांगला कंट्रोलर करंट कमी-जास्त करतो.

वायरी फक्त चार. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, पांढरी निगेटिव्हला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचला आणि निळी मागे ट्रेलरकडे.

"दादा, काळी सिगरेट लायटरच्या सॉकेटला जोडू? लगेच होईल."

"अजिबात नाही! दोन मॅग्नेट मिळून सहा-सात अँपिअर खेचतात. त्याच फ्यूजवर तू फोनही चार्ज करणार. उतारावर फ्यूज उडाला तर? जाड वायर घे, थेट बॅटरीपर्यंत ने आणि मध्ये २० अँपिअरचा ब्रेकर टाक."

धाकटा गप्प. सगळं काम पुन्हा. लाल वायरीसाठी दादाने मल्टीमीटर धरायला लावला. पेडल दाबलं की १२ व्होल्ट, सोडलं की शून्य, तीच वायर खरी. तिसऱ्या प्रयत्नात सापडली. इकडे आईने दोनदा चहा केला आणि माझी डहाणू लोकल चुकली!

मग रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रायल. ताशी ४० किलोमीटरचा स्पीड, पेडलला हात न लावता कंट्रोलरचा लिव्हर दाबला. कॅम्परने गाडीला मागून हलकेच खेचून धरलं. चाकं जाम झाली नाहीत, घसरली नाहीत. इथे टाळ्या!

पुढच्या वीकेंडला ते पोकोनोच्या डोंगरात गेले. बाबा रात्री दीड वाजेपर्यंत जागे. मेसेज आला तो एवढाच: 'उतरलो. ढकललं नाही.'

बाबांनी तो दोनदा वाचला आणि दिवा घालवला.

निघण्याआधी
• गाडी किती वजन ओढू शकते, ते मॅन्युअलमध्ये बघा. माणसं वाढली की ती मर्यादा कमी होऊ शकते.
• कॅम्पर सुटलाच, तर स्वतःचे ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच आणि त्याची बॅटरी तपासा.
• वायरिंगची सवय नसेल, तर हीरोगिरी नको. सरळ इलेक्ट्रिशियन गाठा. किंवा दादाला फोन लावा!