कचेरी फोनमध्ये (लेखांक ६) : पाहुणा जाणार कधी?

स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, झोहो क्लिक, गूगल चॅट ही कार्यालयीन संवादाची सॉफ्टवेअर. यांत पगारपत्रकावर नसलेल्या माणसालाही आत घेता येते आणि त्याला बहुतेकदा ‘गेस्ट’ म्हणतात. वागळे इस्टेटमधला इंजिनीअरिंगचा कारखाना, डोंबिवली एमआयडीसीतले रसायनाचे युनिट, घोडबंदर रोडवरची पाचपन्नास माणसांची आयटी कंपनी, सगळ्यांना ही सोय लागते. सीए, जीएसटीचा सल्लागार, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानग्या सांभाळणारा, जॉबवर्क करून देणारा, न्हावाशेव्याचा क्लिअरिंग एजंट, वेबसाइट बघणारा मुलगा: यांतला एकही आपला नोकर नाही, आणि यांच्याशी बोलल्याशिवाय आठवडा सरत नाही. म्हणून रोज कुणीतरी ॲडमिनकडे रिक्वेस्ट पाठवते, ‘यांना आत घ्या’. आत कोणाला घ्यावे यावर कार्यालयांत भरपूर चर्चा होते. आलेला माणूस जाणार कधी, यावर जवळजवळ होत नाही. माझे म्हणणे एवढेच की पाहुण्याला बोलावणाऱ्यानेच, बोलावताना, त्याची जाण्याची तारीख लिहिली पाहिजे. ते होत नसेल तर ॲडमिनने दारावर कितीही बारीक चाळणी लावली तरी ती कामाची नाही.

चाळणी कामाची का नाही, हे रिक्वेस्ट मंजूर कशी होते त्यावरून कळते. स्लॅकमध्ये अशी सोय आहे की सदस्याने कोणाला निमंत्रण द्यायचे ठरवले की ते आधी ॲडमिनच्या मंजुरीला जाते. ॲडमिनला दिसते काय? एक ईमेल पत्ता आणि मागणाऱ्याचे नाव. कारण कोणी लिहिले तर लिहिले. ॲडमिनचा त्या पाहुण्याशी आयुष्यात कधी संबंध आलेला नसतो. तो ओळखतो मागणाऱ्याला. म्हणजे तपासणी पाहुण्याची होतच नाही, सहकाऱ्यावरच्या विश्वासाची होते. त्यात आपल्याकडचा ॲडमिन सकाळी कल्याणहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असतो. होकाराला अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो. नकार द्यायचा तर कारण लिहावे लागते, वर सहकाऱ्याची नाराजी. अशा स्थितीत सगळ्या रिक्वेस्ट मंजूर होतात यात ॲडमिनचा आळस नाही. त्याच्याकडे नसलेली माहिती वापरून निर्णय घ्यायला आपण त्याला बसवले आहे.

आता पाहुणा आत आल्यावर त्याला काय दिसते ते पाहू, कारण इथे व्हॉट्सॲपची सवय नडते. व्हॉट्सॲप ग्रुपची मूळ रीत अशी की नव्या सदस्याला तो आल्यानंतरचे बोलणे दिसते. स्लॅकच्या चॅनेलमध्ये पाहुण्याला घेतले की त्या चॅनेलचा मागचा इतिहासही त्याच्यासमोर उघडतो: तो येण्यापूर्वी त्याच्याच दराबद्दल झालेली घासाघीस, दुसऱ्या पुरवठादाराचे कोटेशन, एखाद्या ग्राहकाचे पॅन कार्ड. टीम्समध्ये पाहुण्याला एखाद्या टीममध्ये घेतले की तिची सर्वसाधारण चॅनेल आणि त्यांतल्या फाइली त्याला खुल्या होतात. त्याला टीममधून काढले तरी कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांच्या यादीत त्याचे नाव शिल्लक राहते, ते वेगळे काढावे लागते. त्या यादीची मायक्रोसॉफ्टकडून येणारी मूळ मांडणी तर अशी आहे की संस्थेतला कोणताही माणूस, अगदी पाहुणासुद्धा, आणखी पाहुणे बोलावू शकतो. ॲडमिनने ती मुद्दाम बदलेपर्यंत तसेच चालते. पैशाचा भाग निराळाच. स्लॅकमध्ये ‘गेस्ट’ हा प्रकारच फक्त सशुल्क योजनेत आहे. फुकटच्या योजनेवर चालणारे छोटे कार्यालय आपल्या सीएला मग पूर्ण सदस्य करून टाकते आणि कंपनीतली सगळी सार्वजनिक चॅनेल त्याला दिसू लागतात. वाचवलेल्या लायसन्सच्या पैशांत हे आलेच.

दारावरची तपासणी किती लेचीपेची असते याचा जगभर गाजलेला दाखला २०२१ च्या जूनमधला आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या व्हिडिओ गेम कंपनीच्या स्लॅकमध्ये शिरलेल्यांनी आधी चोरीची लॉगिन कुकी १० डॉलरला विकत घेतली. आत गेल्यावर कोणतेही कुलूप फोडले नाही. कंपनीच्याच आयटी मदतनीसांना मेसेज केला की काल रात्रीच्या पार्टीत फोन हरवला, लॉगिनचा नवा टोकन द्या. तो मिळाला, आणि सुमारे ७८० जीबी माहिती बाहेर गेली. ‘फिफा २१’ या खेळाचा मूळ कोडही त्यात होता. मदतनीसाने जे केले ते त्याचे रोजचेच काम होते. विनंती ज्या खिडकीतून आली त्याच खिडकीत तिची खात्री करून घेता येत नाही, एवढेच त्यावेळी कोणाला सुचले नाही. खात्री करायची तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा. दुसरा दाखला मार्च २०२५ चा, अमेरिकी सरकारमधला. येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा चाललेल्या सिग्नल ग्रुपमध्ये तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्याकडून ‘द अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग जोडले गेले. सिग्नल हे काही कार्यालयीन सॉफ्टवेअर नव्हे. पण या प्रकरणातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट चुकून जोडले जाण्याची नाही. गोल्डबर्ग आत आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही, त्यांना कोणी काढले नाही, आणि ते स्वतःहून बाहेर पडले तेव्हाही ‘का गेलात’ असे कोणी विचारले नाही. आत येताना चूक होणारच. ती किती दिवस टिकते, हे मात्र आपल्या हातात असते.

महाराष्ट्रात हे शहाणपण घरांच्या बाबतीत कधीच आलेले आहे. ठाण्यात किंवा डोंबिवलीत फ्लॅट भाड्याने देणारा माणूस भाडेकरूची पारख किती करतो कोण जाणे, पण लिव्ह अँड लायसन्सच्या करारात अकरा महिन्यांनंतरची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि मुदत संपूनही लायसन्सधारक राहिला तर घरमालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. पागडीच्या पिढ्यान् पिढ्या चाललेल्या खटल्यांनी शिकवले ते हे की भांडण माणूस चांगला की वाईट याचे नसते, तारीख नसण्याचे असते. मुदत वाढवायला कोणाचीच हरकत नसते. ती वाढवण्यासाठी दोघांना पुन्हा एकदा बोलावे लागते, हाच त्या तारखेचा फायदा. स्लॅकमध्ये पाहुण्याच्या खात्याला अशी मुदत घालता येते आणि ती संपली की खाते आपोआप बंद होते. टीम्सवाल्यांना हे तितके सोपे नाही. पाहुण्यांचा ठरावीक काळाने फेरआढावा घेणारी सोय मायक्रोसॉफ्टने वरच्या दराच्या लायसन्समध्ये ठेवली आहे. ते परवडत नसेल तर साध्या एक्सेलमध्ये चार रकाने करावेत: पाहुणा, बोलावणारा, चॅनेल, जाण्याची तारीख. महिन्यातून एकदा ते उघडायचे.

यावर पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप असा की हे सगळे करत बसलो तर कामे अडतील, आणि अडलेला माणूस सरळ व्हॉट्सॲप ग्रुप काढेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो टोलवून लावण्यात अर्थ नाही. दार फार जड केले की लोक खिडकीतून ये-जा करतात, आणि खिडकीतून कोण आले याची नोंदही राहत नाही. पण याच कारणाने मी मंजुरी कडक करा असे म्हणत नाही. उलट मंजुरी ॲडमिनच्या डोक्यावरून उतरवा असे म्हणतो. पाहुण्याला ओळखतो तो खरेदी खात्याचा प्रमुख. त्यालाच बोलावू द्या, लगेच, कोणाची वाट न पाहता. फक्त पाहुण्यांसाठी काढलेल्या वेगळ्या चॅनेलमध्ये आणि नव्वद दिवसांच्या मुदतीने. मुदत वाढवायची तर त्यानेच पुन्हा मागावी. ॲडमिनने नियम लावायचे आणि अपवाद तेवढे पाहायचे. काम यात अडत नाही. बोलावणाऱ्याला थोडे लक्षात ठेवावे लागते, आणि ते त्यानेच ठेवायला हवे.

दुसरा आक्षेप छोट्या कार्यालयांचा: आम्ही बारा माणसे, सगळे एकमेकांना ओळखतो, ही थेरं मोठ्या कंपन्यांना शोभतात. हिशेब मात्र उलटा आहे. हजार माणसांच्या कंपनीचे स्वतःचे हिशेबखाते असते, कायदेखाते असते. बारा माणसांचे कार्यालय ही सगळी कामे बाहेरून करून घेते, म्हणून त्याच्या चॅनेलमध्ये नोकरांच्या मानाने पाहुणेच जास्त. शिवाय अशा ठिकाणी खरा ॲडमिन अनेकदा तोच असतो ज्याने कॉम्प्युटर विकले आणि सॉफ्टवेअर बसवून दिले. मालकाला लॉगिन आहे, पण वरची किल्ली त्या विक्रेत्याच्या ईमेलवर. त्याच्याशी बिलावरून बिनसले तर स्वतःच्या कंपनीत मालकच पाहुणा ठरतो. किमान एक मुख्य ॲडमिन खाते मालकाच्या नावे असलेच पाहिजे; यात चर्चेला जागा नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. मुंबई उच्च न्यायालयानेच ॲडमिनला मोकळे केले आहे ना? गोंदिया जिल्ह्यातल्या २०१६ च्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने, न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी, १ मार्च २०२१ रोजी निकाल दिला की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसत नसेल तर, व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला दोषी धरता येणार नाही. निकाल योग्यच आहे, पण त्यामागची कारणे वाचावीत. ॲडमिनला सदस्य घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार आहे, मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी अडवण्याचा नाही, म्हणून जबाबदारीही तेवढीच, असा तो विचार आहे. जबाबदारी अधिकाराच्या मापाने मोजली. तेच माप कार्यालयाला लावले तर निष्कर्ष उलटा येतो, कारण इथे कोणी काय पाहावे, किती दिवस पाहावे, मेसेज किती काळ ठेवावेत, हे सारे कंपनीच्या हातात असते. शिवाय प्रश्न इथे आक्षेपार्ह मजकुराचा नाही, ग्राहकांच्या आणि नोकरांच्या माहितीचा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था केली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. डोंबिवलीतल्या युनिटला कोणी २५० कोटींचा दंड करणार नाही, हे उघड आहे. पण माहिती फुटली तर चौकशीत पहिला प्रश्न हाच येईल की त्या दिवशी त्या चॅनेलमध्ये कोण कोण होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तर काही सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. दोन वर्षांपूर्वी काम संपलेला सल्लागार चॅनेलमधल्या माणसांच्या यादीत निघाला, तर ‘आमचा त्यांच्यावर विश्वास होता’ हे उत्तर कामाला येणार नाही.

या आठवड्यात वाचकांनी आपल्या कार्यालयाच्या ॲडमिनकडून पाहुण्यांची यादी मागवावी आणि प्रत्येक नावापुढे बोलावणाऱ्याचे नाव लिहावे. ज्यांना कोणी बोलावले हेच कोणाला सांगता येत नाही, ती खाती त्याच दिवशी बंद करावीत; खरेच काम असेल तर तो माणूस फोन करेल. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या मेसेजचे आणि फाइलींचे काय करायचे, ते पुढच्या लेखांकात पाहू.