पॅनेल आधारसामग्री आणि विकासाचे मोजमाप : शिरापूर-कंझरा ते डोंबिवली

गोषवारा

आर्थिक वाढ, शासकीय धोरण आणि लोकांचे कल्याण यांचा परस्परसंबंध तपासण्यासाठी त्याच घटकांची माहिती पुनःपुन्हा गोळा करण्याच्या पद्धतीस पॅनेल पद्धती म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, तिच्यामागील तर्क, तिची बलस्थाने व मर्यादा यांचे विवेचन केले आहे. सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावांचा दीर्घकालीन अभ्यास आणि कल्याण-डोंबिवली परिसराची जनगणनेतील आकडेवारी ही उदाहरणे त्यासाठी घेतली आहेत. सरासरी बदलली म्हणजे माणसांची स्थिती बदललीच असे नाही आणि सरासरी स्थिर राहिली म्हणजे माणसे जागच्या जागी राहिली असेही नाही, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : पॅनेल आधारसामग्री, स्थिर प्रभाव, दारिद्र्याची गतिशीलता, रोजगार हमी, गळती.

१. प्रस्तावना

२००१ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ११.९ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे १२.५ लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ केवळ पाच टक्क्यांच्या आसपास. याच दशकात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून ११० लाखांवर, म्हणजे सुमारे ३६ टक्क्यांनी वाढली. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या कोणाही व्यक्तीस पाच टक्क्यांचा हा आकडा पटणार नाही.

या विसंगतीचे कारण साधे आहे. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा तिच्यात समाविष्ट झालेली २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली. २००१ च्या आकड्यात ती गावे आहेत, २०११ च्या आकड्यात नाहीत. पुढे २०१५ मध्ये ती पुन्हा समाविष्ट झाली. नाव एकच असले तरी मोजलेला प्रदेश एक नाही. दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करून ‘वाढ मंदावली’ असा निष्कर्ष काढला, तर त्यावर आधारलेले पाणीपुरवठ्याचे किंवा शाळांचे नियोजनही चुकेल.

बदलाचा अभ्यास करताना ‘तोच घटक पुन्हा मोजला काय?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला पाहिजे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. पॅनेल पद्धतीचा पाया हाच प्रश्न आहे.

२. पॅनेल आधारसामग्रीचे स्वरूप

आर्थिक संशोधनात आधारसामग्री सामान्यतः तीन प्रकारची असते. एकाच वेळी अनेक घटकांची घेतलेली माहिती हा पहिला प्रकार, त्यास छेदात्मक आधारसामग्री म्हणतात. एकाच घटकाची अनेक वर्षांची माहिती हा दुसरा प्रकार, ती कालश्रेणी होय. अनेक घटकांची, परंतु त्याच घटकांची, अनेक वर्षांची माहिती हा तिसरा प्रकार म्हणजे पॅनेल आधारसामग्री. घटक कुटुंब असेल, कारखाना असेल, जिल्हा, राज्य किंवा देशही असेल.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण झाले म्हणजे पॅनेल तयार होत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या उपभोग खर्चाच्या पाहण्यांत प्रत्येक फेरीत नवी कुटुंबे निवडली गेली. अशा पाहण्यांवरून राज्यातील दारिद्र्याचे प्रमाण किती घटले हे कळते, परंतु पूर्वी गरीब असलेले कुटुंब आज कोठे आहे हे कळत नाही.

३. पद्धतीमागील तर्क

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीतील ‘क’ कुटुंबातील एका सदस्याने संगणक प्रशिक्षण घेतले आहे आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न ४०,००० रुपये आहे. ‘ख’ कुटुंबात असे प्रशिक्षण कोणी घेतलेले नाही व उत्पन्न २५,००० रुपये आहे. एकाच वर्षाची माहिती हाती असेल, तर प्रशिक्षणाचा लाभ १५,००० रुपये दिसेल. परंतु ‘क’ कुटुंबात आधीपासूनच शिक्षणाची परंपरा असेल, मुंबईतील कार्यालयांत ओळखी असतील, चिकाटी अधिक असेल. यांपैकी बऱ्याच गोष्टी प्रश्नावलीत येत नाहीत.

आता पुढील वर्षी ‘ख’ कुटुंबातील सदस्यानेही प्रशिक्षण घेतले. ‘ख’चे उत्पन्न २८,००० आणि ‘क’चे ४१,००० झाले. ‘ख’ची वाढ ३,००० रुपयांची. ‘क’च्या स्थितीत प्रशिक्षणाच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते, तरी तेथेही १,००० रुपयांची वाढ झाली. ती महागाई वा सर्वसाधारण वेतनवाढीची मानता येईल. म्हणून प्रशिक्षणाचा लाभ सुमारे २,००० रुपये ठरतो. पंधरा हजार आणि दोन हजार या दोन उत्तरांतील अंतर हे दोन पद्धतींतील अंतर आहे. प्रत्यक्ष संशोधनात हीच वजाबाकी दोनऐवजी शेकडो कुटुंबांवर केली जाते.

प्रत्येक घटकाची तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी केल्यामुळे न बदलणारी, न मोजलेली वैशिष्ट्ये वजा होतात. यास ‘स्थिर प्रभाव’ प्रतिमान म्हणतात. सर्वांवर सारखाच परिणाम करणाऱ्या घटना वर्षनिहाय प्रभावाने वेगळ्या काढल्या जातात. न मोजलेली वैशिष्ट्ये आणि अभ्यासाधीन चल यांचा परस्परसंबंध नाही असे गृहीत धरता येत असेल, तर ‘यादृच्छिक प्रभाव’ प्रतिमान वापरता येते. या दोहोंतील निवडीसाठी हाउसमन यांनी १९७८ मध्ये मांडलेली कसोटी सर्वत्र वापरली जाते. मात्र संगणकाने दिलेल्या कसोटीच्या निकालापेक्षा वरील गृहीतकाचा विचार अधिक महत्त्वाचा आहे.

४. महाराष्ट्रातील गावे : गरिबीची दोन रूपे

भारतातील पॅनेल अभ्यासांत इक्रिसॅट या संस्थेच्या ग्रामस्तरीय अभ्यासाचे स्थान अग्रगण्य आहे. हा अभ्यास १९७५ मध्ये सहा गावांत सुरू झाला. त्यांपैकी चार गावे महाराष्ट्रातील होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा. उर्वरित दोन तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील होती. प्रत्येक गावातून ४० कुटुंबे निवडण्यात आली, त्यांपैकी ३० शेतकरी व १० भूमिहीन मजुरांची. गावात राहणारा अन्वेषक साधारणतः दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन उत्पन्न, मजुरी, कर्ज व व्यवहार यांची नोंद घेत असे. पहिला टप्पा १९८५ पर्यंत चालला आणि २००१ मध्ये काम पुन्हा हाती घेण्यात आले.

गैहा आणि देवळालीकर यांनी या सामग्रीतील १९७५-७६ ते १९८३-८४ या नऊ वर्षांच्या उत्पन्नाचे विश्लेषण केले. सुमारे २२ टक्के कुटुंबे नऊही वर्षे दारिद्र्यरेषेखाली होती. केवळ १२ टक्के कुटुंबे एकदाही तिच्याखाली गेली नाहीत. उरलेली सुमारे ६६ टक्के कुटुंबे कधी रेषेच्या खाली, तर कधी वर अशी होती.

या आकड्यांचा धोरणात्मक अर्थ मोठा आहे. एखाद्या वर्षाच्या पाहणीत ‘निम्मे गाव गरीब’ असे दिसेल, परंतु त्या निम्म्यांत दोन भिन्न प्रकारची कुटुंबे मिसळलेली असतात. जी कायम गरीब आहेत त्यांना जमीन, शिक्षण, कौशल्य अशा मत्तेची गरज असते. जी पाऊस हुकला किंवा घरातील कर्ता आजारी पडला म्हणून खाली घसरली, त्यांना विमा, पतपुरवठा आणि हाताला काम यांची गरज असते. एकदाच तयार केलेली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी वर्षानुवर्षे वापरली, तर मदत चुकीच्या घरी जाण्याची आणि खऱ्या गरजूचे नाव यादीबाहेर राहण्याची शक्यता वाढते.

याच सामग्रीवर रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये वेगळा प्रश्न विचारला : एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न घटले तर त्याचा उपभोगही तेवढाच घटतो काय? कुटुंबाचा उपभोग स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी उपभोगाबरोबर अधिक हलतो, असे त्यांना आढळले. उसनवार, नातेसंबंध आणि साठवण यांमुळे धक्का वाटून घेतला जातो. मात्र भूमिहीनांना हे संरक्षण कमी मिळते. पुढे १९९७ मध्ये रॅव्हॅलियन आणि चौधुरी यांनी उपभोगाचे आकडे ज्या रीतीने तयार केले होते त्यातील त्रुटी दाखवून हा निष्कर्ष अतिशयोक्त असल्याचे प्रतिपादन केले. सामग्री खुली असल्यामुळेच असे परीक्षण शक्य झाले.

५. धोरणाचे मूल्यमापन

१९७२ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर आकारास आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेच्या निधीसाठी १९७५ च्या अधिनियमान्वये व्यवसाय कर लावण्यात आला. डोंबिवलीहून मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्या चाकरमान्याच्या पगारपत्रकातील या कपातीचा शिरापूरच्या मजुराशी असा थेट संबंध होता. ती रक्कम कारणी लागली काय, हा प्रश्न म्हणूनच शहरी वाचकाचाही आहे.

वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्रिसॅटच्या गावांतील भूमिहीन कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नातील चढउतारांची तुलना केली. योजना उपलब्ध असलेल्या शिरापूर व कंझरा येथे हे चढउतार योजना नसलेल्या ऑरेपल्ले गावाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते. सरासरी उत्पन्न किती वाढले एवढेच पाहिले असते, तर योजनेचा हा लाभ दिसलाच नसता. कल्याण म्हणजे केवळ अधिक उत्पन्न नव्हे, पुढील वर्षी चूल पेटेल याची खात्री हेही कल्याणच होय. तथापि, गावे दोन वेगळ्या राज्यांतील असल्यामुळे सगळा फरक योजनेचाच मानता येत नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे.

राज्य हा घटक मानून केलेल्या अभ्यासांत बेस्ली आणि बर्जेस यांचा २००४ मधील अभ्यास बहुचर्चित आहे. १९५८ ते १९९२ या काळात राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीस कामगारानुकूल, तटस्थ किंवा मालकानुकूल असे गुण देण्यात आले. महाराष्ट्राची गणना कामगारानुकूल राज्यांत झाली. अशा राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीचे उत्पादन व रोजगार मागे पडले, असा निष्कर्ष निघाला. आदित्य भट्टाचार्य यांनी गुण देण्याच्या या रीतीवरच आक्षेप घेतला : एखाद्या किरकोळ दुरुस्तीवरून संपूर्ण राज्याचे वर्गीकरण ठरते आणि कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी विचारात घेतली जात नाही. समीकरण निर्दोष असूनही कायद्याचे वाचन सदोष असू शकते, हा या वादाचा धडा आहे.

६. मर्यादा आणि शहरी अडचणी

पॅनेल पद्धतीने न बदलणारी वैशिष्ट्ये वजा होतात, बदलणारी नाहीत. प्रशिक्षण घेतले त्याच वर्षी ‘ख’ कुटुंबातील मुलगा नोकरीस लागला असेल, तर ते दोन परिणाम आपोआप वेगळे होत नाहीत. तसेच, उत्पन्न सांगण्यात झालेली चूक दोन वर्षांच्या वजाबाकीत अधिक ठळक होते. नोंदीतील चूक आणि आयुष्यातील बदल यांत फरक करणे म्हणूनच कठीण जाते.

सर्वांत मोठी अडचण गळतीची. नमुन्यातील कुटुंब पुढील फेरीत सापडले नाही, तर माहिती तुटते. २००४-०५ मध्ये ४१ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी करणाऱ्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणास २०११-१२ मध्ये त्यांपैकी सुमारे ८३ टक्के कुटुंबे पुन्हा भेटली. डोंबिवलीसारख्या शहरात हे काम अधिक अवघड आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू पुढील वर्षी त्या पत्त्यावर असतीलच असे नाही. इमारत पुनर्विकासास गेली की सगळे शेजार पांगते. स्थिती सुधारलेले कुटुंब ठाण्याकडे सरकते, ओढग्रस्त कुटुंब बदलापूर-टिटवाळ्याकडे. जे मागे राहतात केवळ त्यांच्यावरून शहराची कहाणी सांगितली, तर वर गेलेले आणि खाली गेलेले असे दोघेही तिच्यातून निसटतात.

घटकांच्या सीमा बदलणे ही अडचण २७ गावांच्या उदाहरणात आलीच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याची तुलना पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याशी करावयाची असल्यास जुने आकडे तालुकानिहाय मांडून नव्या सीमेप्रमाणे पुन्हा जुळवावे लागतात. हे काम कंटाळवाणे असले तरी त्यास पर्याय नाही.

अधिकृत पाहण्यांतही आता पॅनेलचा अवलंब होत आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणात शहरी कुटुंबांस चार तिमाहींत चार वेळा भेट दिली जात असे. जानेवारी २०२५ पासून ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत निवडलेल्या कुटुंबास सलग चार महिने भेट देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली आहे. अल्पकाळातील रोजगारबदल त्यातून समजू शकतात. पिढीगत बदलासाठी मात्र दीर्घ पॅनेलच हवे.

७. समारोप

शिरापूर व कंझरा येथील अभ्यास आरंभी गावागणिक केवळ ४० कुटुंबांचा होता. त्याचे मोल त्याच दारात पुनःपुन्हा जाण्याच्या सातत्यात आहे. महाविद्यालयांत दरवर्षी प्रकल्पांच्या निमित्ताने विद्यार्थी परिसराची पाहणी करतात, प्रश्नावल्या भरल्या जातात, अहवाल सादर होतात आणि पुढील वर्षी नवा विषय व नवी कुटुंबे निवडली जातात. त्याऐवजी शंभर कुटुंबांची एक यादी निश्चित करून, त्यांची संमती घेऊन व नावे गोपनीय ठेवून, मोजकेच प्रश्न दरवर्षी त्याच शब्दांत विचारले, स्थलांतरित कुटुंबाचा नवा पत्ता व दूरध्वनी नोंदविला आणि ही वही एका तुकडीकडून पुढील तुकडीकडे सोपविली, तर दहा वर्षांत त्या परिसराचे असे चित्र उभे राहील, जे कोणत्याही जनगणनेत मिळणार नाही. शंभर कुटुंबांवरून संपूर्ण शहराविषयी विधान करता येणार नाही, हे खरे. परंतु शहर वाढत असताना त्यातील कोण वर चढले, कोण घसरले आणि कोण जागीच राहिले, या प्रश्नाचे निदान प्रामाणिक उत्तर शोधण्यास त्यातून आरंभ होईल.