दुखावलेल्या घोड्याची घरची निगा

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली मांसल भाग जवळजवळ नसतोच. नळीचे हाड, त्यामागून खुराकडे उतरणाऱ्या दोन शिरा (कंडरा), त्यांना आधार देणारा बंध आणि वर पातळ कातडी एवढ्यावरच तो पाय उभा असतो. भरधाव पळताना काही क्षण सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो आणि तो शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट होतो. म्हणून घोड्याच्या दुखापतींमध्ये नळीमागची शीर ताणली जाणे किंवा तिचे तंतू तुटणे हा प्रकार वारंवार दिसतो. शिरेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती फार सावकाश भरते. हाड दोन-तीन महिन्यांत सांधू शकते, शिरेला मात्र नऊ महिने ते वर्ष लागते. घरी बरा करायचा घोडा बहुतेक वेळा बिघडतो तो या लांबलचक मधल्या काळात, औषधाअभावी नव्हे तर घाईमुळे.

राळेगणसिद्धी ज्या पारनेर तालुक्यात आहे, तिथे घोडा ही हौसेची चीज नाही. ढवळपुरीसारख्या गावांतले मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतात, तेव्हा तंबू, भांडी, कोंबड्या, कोकरे, कधी लहान मुलेसुद्धा घोड्याच्या पाठीवर असतात. पारनेर, शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातल्या बैलगाडा शर्यतींत बैलांच्या पुढे घोडी धावते आणि तीही घाटाच्या चढावर. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, त्यामुळे या घोड्यांचे काम आता नियमित झाले आहे. मुरमाड, दगडगोट्यांची जमीन, पाठीवरचे ओझे आणि चढावरची दौड यांत पाय दुखावणे ठरलेलेच. घोड्यांसाठी शस्त्रक्रिया आणि निष्णात पशुवैद्य मात्र मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सभोवती एकवटलेले आहेत. तालुक्याच्या गावी उपचाराचा मोठा भाग गोठ्यातच पार पडतो.

गोठ्यात बांधून जनावर सांभाळण्याची सवय राळेगणसिद्धीला जुनी आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तिथे पाणलोटाची कामे सुरू झाली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, आणि मोकाट चारण्याऐवजी चारा कापून दावणीला आणून टाकण्याची रीत रुजली. जखमी घोड्याला ही रीत उपयोगी पडते, पण घोड्याला गायीच्या मापाने मोजून चालत नाही. गाय बसून रवंथ करते. घोडा दिवसाचा बहुतेक काळ उभा राहून थोडे थोडे खात असतो आणि त्याचे आतडे चालण्याच्या हालचालीवर अवलंबून असते. त्याला अचानक जागेवर बांधून ठेवले की पायाआधी पोटच बिघडू शकते.

दुखापत झाल्यावर पहिला निर्णय असतो हे घरी निभेल का, हा. पाय अजिबात टेकत नसेल, नळी वाकडी दिसत असेल, जखम सांध्याजवळ असून तिच्यातून पिवळसर चिकट पाणी येत असेल किंवा तळव्यात खिळा रुतलेला असेल तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. सांध्यात जंतू शिरले तर काही दिवसांत सांधा कायमचा जातो. खिळा शक्यतो पशुवैद्य येईपर्यंत काढू नये, कारण तो कोणत्या दिशेने आणि किती खोल गेला यावर पुढचे सगळे ठरते. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. डॉक्टरांना फोनवर सांगता यावे म्हणून निरोगी घोड्याचे आकडे मालकाला पाठ हवेत. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांना लागते.

उघडी जखम मिठाच्या पाण्याने धुवावी. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात दोन लहान चमचे मीठ पुरते. हळद-चुना, राख, जळके तेल, स्पिरिट यांतले काहीही जखमेत घालू नये, त्याने नव्याने भरू लागलेले मांस जळते. गुडघ्याखालच्या जखमेत फाजील मांस वाढण्याची खोड घोड्यात आहे. ते कातडीच्या वर आले की जखम मिटत नाही, मग डॉक्टरांना ते कापावे लागते. धनुर्वाताबाबत तर घोडा पाळीव जनावरांत सर्वांत नाजूक आहे. लस दिल्याची खात्री नसेल तर किरकोळ ओरखड्यालाही धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावेच.

शीर सुजली असेल तर पहिले दोन-तीन दिवस थंड पाणी हेच मोठे औषध. पाण्याच्या नळीने पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा धार सोडावी. उन्हाळ्यात पाणी टंचाईचे असेल तर बादलीत बर्फ घालून तेच पाणी पुन्हा वापरता येते. त्यानंतर कापसाचा जाड थर देऊन वर पट्टी बांधावी. पट्टी रोज सोडून पाय पाहावा आणि पुन्हा बांधावी. कापूस कमी आणि ताण जास्त झाला तर पट्टीच शिरेला इजा करते.

चांगल्या पायालाही पट्टी हवी, हे सहसा सुचत नाही. दुखरा पाय उचलून धरल्याने शेजारच्या पायावर दिवसरात्र भार पडतो आणि त्याच्या खुराच्या आतला, हाडाला खुराशी धरून ठेवणारा थर सुजून सुटू लागतो. अमेरिकेतला बार्बारो हा शर्यतीचा घोडा २० मे २००६ रोजी मागच्या पायाची हाडे मोडून जायबंदी झाला. उत्तम इस्पितळात महिनोन्‌महिने उपचार झाले, तरी २९ जानेवारी २००७ रोजी त्याला शांतपणे मरण द्यावे लागले ते मुख्यतः इतर खुरांत उद्भवलेल्या याच विकारामुळे. म्हणून रोज चारही खुरांवर हात ठेवावा. खूर गरम लागला, घोट्यामागची नाडी जोरात उडू लागली, किंवा घोडा भार या पायावरून त्या पायावर सारखा बदलू लागला तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे.

बांधण्याची जागा साधारण बारा फूट लांब, बारा फूट रुंद असावी. सिमेंटच्या जमिनीवर भुसा किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर टाकावा आणि ओला भाग रोज काढावा. अगाडी-पिछाडी लावून घोड्याला जखडू नये, चार पावले फिरता येईल एवढे मोकळे ठेवावे. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटा पडला तर तो फेऱ्या मारतो, भिंतीवर लाथा झाडतो आणि भरत आलेला पाय पुन्हा दुखावून घेतो. दुसरा घोडा नजरेसमोर बांधावा, तो नसेल तर शेळीही चालते. रोजचा खरारा या दिवसांत सोडू नये. अंगावरचे रक्ताभिसरण त्याने सुधारते आणि नवी सूज हाताला लगेच कळते.

खाण्यात सर्वांत मोठी चूक प्रेमापोटी होते. आजारी म्हणून हरभऱ्याची चंदी वाढवली जाते. काम बंद असलेल्या घोड्याला ती शक्ती खर्च करायला जागा नसते. तो अंगावर येतो, उधळतो, पोटशूळ आणि खुरांचा दाह यांचा धोका वाढतो. चंदी जवळजवळ बंद करून चाऱ्यावर ठेवावे. सुका चारा रोज शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तीनशे किलोंच्या देशी घोड्याला साडेचार ते सहा किलो, तोही चार-पाच वेळांत विभागून. या भागात हाताशी असतो तो ज्वारीचा कडबा. तो कुट्टी करून, पाणी शिंपडून द्यावा आणि जोडीला थोडा लसूणघास द्यावा. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये. पाणी सतत समोर हवे. लीद कोरडी, लहान गोळ्यांची किंवा कमी झाली तर ती पोट अडल्याची पहिली खूण असते.

दुधाचा धंदा असलेल्या घरांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गायीला ते पचते, घोड्याचे हृदय मात्र त्याच्या थोड्याशा मात्रेनेही निकामी होते. युरिया प्रक्रिया केलेला चाराही घोड्यापासून दूर ठेवावा.

सूज उतरली, डॉक्टरांनी परवानगी दिली की चालवणे सुरू होते, आणि खरी शुश्रूषा इथून पुढे आहे. नव्या शिरेचे तंतू सुरुवातीला गुंतवळासारखे आडवेतिडवे असतात. बेताचा ताण मिळाला तरच ते सरळ ओढीच्या दिशेने लागतात. म्हणून नुसती विश्रांतीही चुकीची आणि मोकळे सोडणेही चुकीचे. दोरी धरून, सपाट आणि घट्ट जमिनीवर, सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटे चालवण्याने सुरुवात करावी. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाच मिनिटे वाढवावीत. नांगरट, वाळू, चढ आणि गोल रिंगण टाळावे. दोन-तीन महिन्यांनी पायाची सोनोग्राफी करून शीर किती भरली ते पाहता आले तर उत्तमच. दुडकी त्यानंतर, तीही सुरुवातीला मिनिटभराचीच. दौड आठ-नऊ महिन्यांच्या आत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घोडा लंगडत नाही, सूज दिसत नाही, खाऊन-पिऊन तेजदार झालेला असतो. नेमक्या याच वेळी जत्रा येते, शर्यत ठरते किंवा बिऱ्हाड हलवायची वेळ येते. बाहेरून धड दिसणारी शीर आतून अजून कच्ची असते आणि दुसऱ्यांदा तुटली तर पहिल्यापेक्षा वाईट भरते. चालवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पायावर हात फिरवणे ही सगळ्यांत भरवशाची तपासणी आहे. ऊब किंवा सूज वाढलेली आढळली तर दोन आठवडे मागच्या टप्प्यावर जावे.

वेदनाशामक गोळ्या देऊन घोडा कामाला लावणे हे क्रूरच आहे, कारण पाय वाचवणारी वेदनाच त्यामुळे गप्प होते. ही औषधे लांबवली तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. त्यांतले डायक्लोफेनॅक जनावरांसाठी वापरायला भारतात २००६ पासून बंदी आहे. ते दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली. सुजलेल्या शिरेवर तापलेल्या लोखंडाची डागणी देण्याची जुनी चालही सोडायला हवी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डागणीने शीर लवकर किंवा चांगली भरत नाही, असे दिसून आले. डागल्यानंतर घोड्याला सक्तीची विश्रांती मिळे, गुण त्या विश्रांतीचा होता.

मेंढपाळांच्या घोड्यांत पायाइतकाच पाठीचा प्रश्न असतो. ओझे आणि खोगीर एकाच जागी घासून कातडी सोलते. नुसते मलम लावून तेच ओझे पुन्हा चढवले तर जखम खोलवर, मणक्याच्या टोकांपर्यंत जाते. नवी कातडी येऊन तिच्यावर केस उगवेपर्यंत पाठीवर काहीही ठेवू नये आणि खोगिराखालची घडी नव्याने भरावी. वाटेवर असलेल्या बिऱ्हाडाला हे अवघड आहे. सोबतच्या बिऱ्हाडांतल्या दुसऱ्या घोड्यांवर ओझे वाटून घेतले, तरच जखमी घोडा रिकाम्या पाठीने चालू शकतो.

काही घोडे पूर्वीच्या कामावर परतत नाहीत. चढावर धावणारी घोडी शिरेच्या मोठ्या दुखापतीनंतर शर्यतीला न लावणे बरे, पण हलके ओझे, लहान मुलांची सवारी किंवा पैदास यांसाठी ती वर्षानुवर्षे उपयोगी पडते. पैदाशीचे मोल भीमथडीत तर अधिकच: भीमा-नीरेच्या खोऱ्यात वाढलेल्या या घोड्याची आता स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे आणि तिची जनावरे थोडीच उरली आहेत. दुखापतीतून उठलेली घोडी गाभण राहू द्यायची असेल तर पाय पूर्ण भरल्यावरच, कारण शेवटच्या महिन्यांत पोटाचे वजन त्याच पायांवर येते.